मेनफ्रेमला घरून जोडायचंय, पण सर्टिफिकेट अडवतंय

प्रश्न: मी ऐरोलीला एका आयटी कंपनीत मेनफ्रेम सपोर्टला आहे, राहते कळव्याला. अधूनमधून घरून काम असतं, लॅपटॉपवर लिनक्स आहे म्हणून टर्मिनलमध्येच चालणारा सी३२७० (मेनफ्रेमची स्क्रीन दाखवणारा प्रोग्राम) टाकला. पोर्ट २३ ला लॉगिन स्क्रीन झटकन येते, पण टीएलएसवाल्या म्हणजे एन्क्रिप्टेड ९९२ ला सर्टिफिकेट व्हेरिफाय होत नाही म्हणून कनेक्शन तुटतं. टीममधला एकजण म्हणतो होस्टच्या नावाआधी वाय आणि कोलन लाव, लगेच चालेल. लावू का? की सरळ एसएसएचनेच (दूरच्या मशीनवर एन्क्रिप्टेड लॉगिन) जाऊ?

एक वाचक, कळवा

उत्तर: ताई, वाय नका लावू. त्याने सर्टिफिकेटची तपासणीच बंद होते. डेटा एन्क्रिप्ट होऊन जातो खरा पण कोणाकडे जातोय ते कळत नाही, मधे कोणी स्वतःचं सर्टिफिकेट पुढे केलं तर तुमचा टीएसओ (मेनफ्रेमचं लॉगिन) पासवर्ड थेट त्याच्या हातात. आणि २३ म्हणजे साधं टेलनेट, त्यावर पासवर्ड ईबीसीडीआयसी या मेनफ्रेमच्या अक्षर-कोडमध्ये जातो एवढंच, ते काही एन्क्रिप्शन नाही, वायरशार्कसारख्या नेटवर्क तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये आरामात वाचता येतं.

बहुतेक वेळा कारण साधं असतं, कंपनीचं सर्टिफिकेट अंतर्गत सीएने (सर्टिफिकेट देणाऱ्या यंत्रणेने) सही केलेलं असतं आणि तो सीए तुमच्या लॅपटॉपला माहीतच नसतो. ओपनएसएसएलच्या एस_क्लायंटने ९९२ ला जोडून बघा, सर्टिफिकेटांची सगळी चेन दिसेल, सही कोणाची तेही दिसेल. पण तिथे दिसलेलंच सर्टिफिकेट उचलून विश्वासाचं म्हणून टाकू नका हं, मग तपासणीला अर्थच उरला नाही, रूट सीएची म्हणजे सगळ्यात वरच्या सीएची पीईएम फाइल (सर्टिफिकेटची टेक्स्ट फाइल) सिक्युरिटी टीमकडूनच मागून घ्या. मग कमांड अशी: सी३२७०, डॅश सीएफाइल, फाइलचा पाथ, आणि शेवटी एल कोलन होस्टचं नाव कोलन ९९२. आयपी ॲड्रेस नको, सर्टिफिकेटवर जे नाव आहे तेच द्या, निम्मी भांडणं तिथेच होतात.

एसएसएचचं म्हणाल तर झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ओपनएसएसएच असतं, पण त्याने तुम्ही युनिक्स शेलमध्ये पोचता, आयएसपीएफचे (मेनूवरून काम करायचे) पॅनेल किंवा सीआयसीएसची (व्यवहारांच्या ॲप्लिकेशनची) स्क्रीन तिथे मिळत नाही. एसएफटीपीने फाइली हलवायला, स्क्रिप्ट चालवायला मात्र उत्तम. ऑफिसने जंप सर्व्हर (आत जायचा मधला सर्व्हर) दिला असेल आणि परवानगी असेल तर एसएसएचच्या डॅश कॅपिटल एल ऑप्शनने टनेल करून सी३२७० लोकलहोस्टला जोडता येतो, फक्त जंप सर्व्हरपासून मेनफ्रेमपर्यंतचा तुकडा या टनेलच्या बाहेर असतो, म्हणून पलीकडचं टोक २३ ला नको, ९९२ लाच लावा. तेव्हा नाव लोकलहोस्ट असल्याने सर्टिफिकेटशी जुळणार नाही, त्यासाठी डॅश ॲक्सेप्टहोस्टनेम देऊन खरं नाव सांगा. आणि पहिल्यांदा जोडताना एसएसएच सर्व्हरच्या कीचा जो फिंगरप्रिंट (ओळखीचा छोटा कोड) दाखवतं तो ॲडमिनकडून पडताळल्याशिवाय यस टाइप करू नका.

घरून २३ वर एकदा जरी लॉगिन केलं असेल तर टीएसओ पासवर्ड आजच बदला, आणि ती पीईएम फाइल मिळाली की वाय सुचवणाऱ्या सहकाऱ्यालाही पाठवा.