सायकलवाल्यांची विचारपूस: वारा अडवा, घाम अडवू नका

यंदा थंडी जरा लवकरच आली आणि पत्रंही. चहाच्या टपरीवर गेलं की "भलती थंडी पडी ऱ्हायनी भाऊ" आणि इकडे पाकीट उघडलं की जॅकेट, जॅकेट, जॅकेट. म्हणून यावेळी सगळी जागा त्यालाच देतोय, चेन-गिअरचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न: मी अमळनेर तालुक्यात शिक्षक आहे. सकाळची शाळा असल्यामुळे सव्वासहालाच सायकल काढावी लागते, १८ किलोमीटर जायचं असतं. स्वेटर घातला तर वारा आरपार जातो, छाती गारठते. रेनकोट घातला तर वारा थांबतो पण शाळेत पोचेपर्यंत आतला शर्ट पिळावा इतका ओला होतो. दुकानदार म्हणतो वॉटरप्रूफ जॅकेटच घ्या सर, पावसाळ्यातही कामाला येईल. बजेट दोन हजारापर्यंत आहे. काय घेऊ?

सर, दुकानदाराचं ऐकू नका. तो मनाने चांगला असेल, पण तो तुम्हाला मोटरसायकलवाल्याचं जॅकेट देतोय. आपल्याकडे विंडचीटर मागितलं की हमखास तेच पुढे येतं, जाड रेक्झिनसारखं कापड, आतून फ्लीस नाहीतर जाळीचं अस्तर. मोटरसायकलवर माणूस बसून असतो, त्याचं अंग काही तापत नाही, त्याला ते बरोबर आहे. तुम्ही पॅडल मारताय. पायात जी ताकद लागते ना, तिच्या तिप्पट-चौपट उष्णता शरीर बाहेर टाकत असतं, कारण स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेतली जेमतेम २०-२५ टक्केच चाकाला लागते आणि बाकी सगळी ऊब होऊन निघते. म्हणजे सायकलवाल्याकडे स्वतःची शेगडी आहेच, तिची ऊब वाऱ्याने उडवून नेऊ नये एवढंच जॅकेटचं काम.

वारा किती नेतो ते बघा. गारव्याचा हिशोब करायचं एक सूत्र आहे, अमेरिका आणि कॅनडाच्या हवामान खात्यांनी २००१ पासून वापरात आणलेलं. त्यात ८ डिग्री तापमान आणि २५ किलोमीटरचा वारा घातला की उघड्या कातडीला ते चार-साडेचार डिग्रीसारखं लागतं असं निघतं. आणि २५ चा वारा म्हणजे काही वादळ नाही, हवा एकदम शांत असली तरी तुम्ही २५ च्या स्पीडने निघालात की तेवढा वारा तुम्हीच छातीवर घेता. म्हणून घरासमोर उभं असताना थंडी बरी वाटते आणि गाव सोडून मोकळ्या रस्त्याला लागलं की झोंबते.

आता रेनकोटने काय केलं ते. त्याने वारा शंभर टक्के अडवला आणि घामही शंभर टक्के अडवला. वॉटरप्रूफ म्हणून महागडी श्वास घेणारी जॅकेटं मिळतात तीही मला माहीत आहेत. १९६९ साली बॉब गोअर यांनी टेफ्लॉनच्या जातीचं प्लास्टिक झटक्यात ताणून बारीक छिद्रांचा पडदा तयार केला, पाण्याचा थेंब त्यातून आत येत नाही पण वाफ बाहेर जाते, गोअर-टेक्स म्हणतात ते हेच. चीज उत्तम आहे. पण वाफ बाहेर जायचा वेग ठरलेला असतो आणि जोरात पॅडल मारताना घाम त्याच्यापेक्षा जास्त सुटतो, मग आत साचतोच. बरं आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पाऊस कुठे असतो? एखादा अवकाळी सोडला तर कोरडी थंडी. जो पाऊस येणारच नाही त्याच्यासाठी रोज घामाने भिजायचं, हे काही मला पटत नाही.

मी स्वतः यात फसलोय म्हणून एवढं तळमळून सांगतोय. धुळ्याहून लालिंगचा घाट चढताना असंच एक जाड, पूर्ण बंद जॅकेट घातलं होतं, ऑनलाईन घेतलेलं, पाठीवर भोकं नाहीत, चेन गळ्यापर्यंत लावलेली. वर पोचेपर्यंत बनियन अंगाला चिकटलेलं, बाहीतून मनगटावर घाम ओघळत होता. पाच मिनिटं थांबलो आणि उताराला लागलो तर तेच ओलं कापड बर्फासारखं झालं, दात वाजायला लागले, बोटांनी ब्रेक नीट दाबता येईनात. थंडीत ओलं होणं हे थंडीपेक्षा वाईट, ते त्या दिवशी कळलं.

रावेर-यावलकडे केळीच्या बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवताची दाट ओळ लावतात, तुम्ही पाहिलीच असेल. ती भिंत नसते. वारा तिच्यात शिरतो, गाळला जातो आणि पलीकडे मंद होऊन जातो, त्यामुळे पानं फाटत नाहीत आणि बाग कोंडतही नाही. तुमचं जॅकेट असं शेवरीसारखं पाहिजे. पातळ, दाट विणीचं नायलॉन किंवा पॉलिस्टर, आत अस्तर नाही, रबराचा थर नाही. लेबलवर १०डी, १५डी, २०डी असं लिहिलेलं दिसेल, तो धाग्याचा डेनिअर, आकडा जितका लहान तितका धागा बारीक आणि जॅकेट हलकं. १०डी फार नाजूक असतं, बाभळीच्या फांदीला अडकलं की गेलं. आपल्या रस्त्यांना २०डीच्या आसपासचं बरं, त्यात रिपस्टॉप म्हणजे बारीक चौकड्यांची वीण असली तर फाटलं तरी चीर पुढे धावत नाही. वजन १०० ग्रॅमच्या आसपास, फार तर दीडशे.

दुकानात एक परीक्षा करा, कोणी हसलं तरी करा. कापडाचा एकेरी पदर ओठांना घट्ट लावायचा, दुसऱ्या बाजूला तळहात धरायचा आणि जोरात फुंकायचं. तळहाताला काहीच लागलं नाही तर ते कापड पूर्ण बंद आहे, चढाला तुम्हाला शिजवणार. फुंकर सरळ आरपार आली तर ते नुसता शर्टच समजा. अगदी हलकी, लक्ष देऊन जाणवेल एवढी हवा आली की समजायचं हे आपलं कापड. मी हे कितीतरी जॅकेटांवर करून पाहिलंय आणि लेबलवरच्या मोठमोठ्या शब्दांपेक्षा याच्यावर माझा जास्त भरवसा आहे.

मग ते घालून दोन्ही हात पुढे, हँडल धरल्यासारखे करा आणि कमरेत वाका. बाही मनगटाच्या वर सरकते का? पाठ उघडी पडते का? पाठीमागून जॅकेट थोडं लांब असलेलं हवं. फार ढगळ नको, ढगळ जॅकेट वाऱ्यात फडफडत राहतं, प्रत्येक फडफडीला आतली ऊब बाहेर फेकतं आणि त्या आवाजाने डोकंही उठतं. चेन पूर्ण उघडणारी पाहिजे आणि चेनच्या मागे कापडाची पट्टी पाहिजे, नाहीतर वारा चेनच्या दातांतून सरळ छातीवर येतो. चेनच्या लोलकाला एक दोरीचा फासा बांधून टाका, हातमोजे घातलेले असताना ओढायला सोपं. काखेत किंवा पाठीवर जाळी असेल तर उत्तम, कारण वारा समोरून येतो आणि घाम पाठीवर जास्त साचतो. पण सर, तुम्ही पाठीवर सॅक लावत असाल तर ती जाळी झाकली जाईल, वह्या-डबा मागच्या कॅरिअरवर बांधा.

आतून कॉटनचं बनियन बंद करा. कॉटन घाम पितं आणि सोडत नाही. साधा पॉलिस्टरचा स्पोर्ट्स टी-शर्ट, त्यावर पूर्ण बाह्यांची जर्सी, त्यावर हे जॅकेट, आपल्या ८-१० डिग्रीला एवढं पुरतं, शाळेचा शर्ट घडी घालून सोबत न्या. निघताना थोडी हुडहुडी भरलीच पाहिजे. घरातून निघतानाच ऊबदार वाटत असेल तर तिसऱ्या किलोमीटरला घामाघूम होणार हे नक्की. अंग तापलं की आधी चेन अर्धी उघडा, घाम सुटायची वाट बघू नका.

आणि हे खिशात मावलं पाहिजे, खान्देशात तर ही अटच समजा. पहाटे ८ डिग्री असतं आणि दुपारी त्याच दिवशी २८-३० होतं. तुम्ही शाळेतून घरी निघाल तेव्हा उन्हाने डोकं तापलेलं असेल, जाड जॅकेट तेव्हा कुठे ठेवणार? हे पातळ वालं मुठीएवढं होतं. रंग पिवळा किंवा केशरी घ्या, काळा नको, जानेवारीत आपल्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो म्हणजे तुमचा बराचसा रस्ता अंधारातच आहे आणि त्यात उसाच्या ट्रॉल्या. पाठीवर रिफ्लेक्टरची पट्टी बघूनच घ्या. बिनब्रँडचं किंवा स्पोर्ट्स स्टोअरच्या घरच्या ब्रँडचं साधं जॅकेट तुमच्या बजेटमध्ये नक्की बसेल.

प्रश्न: आम्ही चार मैत्रिणी रविवारी शहाद्याहून प्रकाशाला सायकलने जातो. मला पूर्ण जॅकेटमध्ये गुदमरल्यासारखं होतं. बिनबाह्यांचं चालेल का? आणि बोटं फार गारठतात.

ताई, बिनधास्त घ्या. त्याला जिले म्हणतात, पुढून वारा न जाणारं कापड आणि बहुतेक वेळा मागून जाळी. छाती आणि पोट झाकलं की अर्धी लढाई जिंकली. तापीच्या काठाला पोचलात की वारा जरा जास्त असतो, तेव्हा हातांना सुटे आर्म स्लीव्ह चढवायचे, अंग तापलं की काढून खिशात. लेडीज कट मिळाला तर तोच घ्या, जेंट्सचं छोटं माप खांद्यात ढगळ आणि कमरेत घट्ट होतं.

बोटांसाठी लोकरीचे मोजे एकटे उपयोगाचे नाहीत, वारा त्यातून शिरतो. वारा न शिरणारे पूर्ण बोटांचे ग्लोव्हज हवेत. कानाला पातळ पट्टी, हेल्मेटच्या आत बसेल अशी. जाड कानटोपीवर हेल्मेट नीट बसत नाही, आणि हेल्मेट ढिलं ठेवून जाऊ नका. पाणीही प्या, थंडीत तहान लागत नाही आणि कोरड्या हवेत घाम उडून जातो म्हणून कळतही नाही.

प्रश्न: सावद्याहून लिहितोय. आम्ही मित्र जानेवारीत तोरणमाळला सायकलने चढणार आहोत. चढताना जॅकेट घालायचं की उतरताना?

भाऊ, उतरताना. तोरणमाळ साधारण ११५० मीटर उंचीवर आहे आणि चढताना तुमचा स्पीड ८-१० चा, वारा नाहीच, अंग भट्टीसारखं. जॅकेट खिशात राहू द्या. वर पोचलात की यशवंत तलावापाशी फोटो काढत बसायच्या आधी पहिलं काम जॅकेट घालायचं, थंडी वाजायला लागायची वाट बघू नका, कारण ओल्या अंगाने गारठा धरला की परत तापायला फार वेळ लागतो. जमलं तर एक कोरडा टी-शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत न्या आणि आडोशाला बदला. उतारावर पॅडल थांबतं, म्हणजे शेगडी बंद, आणि स्पीड ४० वर जातो. वरच्या त्याच सूत्राने ८ डिग्रीचे तिथे तीन होतात.

आणि कोणाकडे जॅकेट नसेल तर पेपर. टूर द फ्रान्समध्ये घाटमाथ्यावर प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन जर्सीच्या आत छातीवर सरकवायची जुनी रीत आहे, तसं चार पानं घडी करून छातीवर लावा, पोटापर्यंत येतील अशी. कागद वारा अडवतो, थोडा घामही शोषतो, खाली उतरलं की काढून टाकायचा, म्हणजे घाटात नाही, गावात कचरापेटीत.

प्रश्न: विंडचीटर धुवायचं कसं? भुसावळहून एक ज्येष्ठ वाचक.

काका, गार पाण्यात, थोड्याशा साध्या लिक्विडने, हाताने. चेन लावून, उलटं करून. कपडे मऊ करायचं जे सुगंधी लिक्विड मिळतं ते अजिबात नको, त्याचा थर कापडावर बसतो आणि घाम बाहेर जायचा रस्ता बुजतो. पिळायचं नाही, झटकायचं आणि सावलीत टाकायचं, आपल्या हवेत तासाभरात वाळतं. इस्त्री करू नका, पातळ नायलॉन गरम इस्त्रीला चिकटतं आणि भोक पडतं. आणि वर्षभर चुरगाळून कोंबून ठेवू नका, उन्हाळ्यात हँगरला टांगून ठेवलेलं बरं.