कसारा घाट चढताना अ‍ॅक्सिलरेटर दाबताच पेट्रोल गाडी अडखळते, काय तपासावे?
सपाटीवर नीट धावणारी गाडी नाशिककडे येताना घाटातच अडखळत असेल, तर दोष बहुधा भार वाढल्यावरच उघडा पडणारा, म्हणजे ठिणगीचा किंवा इंधनदाबाचा असतो. इंधनपंप बदलण्याची घाई मात्र करू नये. तो महाग असतो आणि पुष्कळदा निर्दोष निघतो. आधी गाडीच्या संगणकातील दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावावा. पी ०३०१ ते ०३०४ यांपैकी मिसफायरचा, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याचा कोड आल्यास त्या सिलिंडरची इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग) शेजारच्या सिलिंडरवर बसवून पाहावी. कोडही तिच्याबरोबर सरकला, तर कॉइलच खराब आहे. स्पार्क प्लगच्या पांढऱ्या पोर्सिलेनवर बारीक काळी रेघ दिसल्यास प्लगही बदलावा. कोड नसल्यास एअर फिल्टर व थ्रॉटल बॉडीवरील (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागावरील) काजळी पाहून मगच गेजने इंधनदाब मोजावा. इंजिनाचा दिवा लुकलुकत असताना गाडी रेटू नये, कारण न जळलेले पेट्रोल धुरातील विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवून निकामी करते.