सबस्क्रिप्शनचं नंतर बघू, आधी लायब्ररीचं कार्ड काढ

अगं, तुझा मेसेज मिळाला. एमएस करता करता स्क्रिप्ट लिहायला शिकायचंय तर कोणतं सबस्क्रिप्शन घेऊ काका, असं विचारलंयस. सध्या कुठलंच नको. तुझ्या अपार्टमेंटपासून दोन ब्लॉकवर पब्लिक लायब्ररी आहे, आयडी आणि लीज घेऊन जा, कार्ड फुकट मिळतं, आणि तिथे डीव्हीडीची कपाटं कुठे आहेत ते विचार. हसू नकोस. तुझ्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसणार हे मला माहितीये, यूएसबीचा बाहेरून लावायचा घे किंवा आमच्या बेसमेंटमधला जुना प्लेअर घेऊन जा, काकू तर आशीर्वादच देईल.

पहिलं म्हणजे एका वेळी एकच सेट आणायचा. मी नवीन आलो तेव्हा फुकट आहे म्हणून आठ-आठ आणायचो आणि त्यातला अर्धा बघून परत, लग्नाच्या पंगतीत पान भरून घेतल्यासारखं. परतीची तारीख डोक्यावर असली ना की माणूस बरोबर बघतो.

सुरुवात 'कोलंबो'पासून कर. १९७१ ची डिटेक्टिव्ह सीरीज, डिटेक्टिव्ह झालाय पीटर फॉक, चुरगळलेला रेनकोट. खून कोणी केला हे पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच दाखवून टाकतात, म्हणजे आपण ज्याला सस्पेन्स म्हणतो तो गेलाच, आणि तरी तू शेवटपर्यंत हलणार नाहीस. का हलत नाही ते वहीत लिही, तुझा पहिला होमवर्क हाच. नियमित सीरीजचा पहिला एपिसोड स्टीव्हन स्पीलबर्गने केलाय, तेव्हा तो २४ वर्षांचा होता, तुझ्याच वयाचा. सुरुवातीला एक लेखक टाइप करत बसलाय आणि बाहेर रस्त्यावरून गाडी येतेय, तर गाडीच्या शॉटवरही आवाज टाइपरायटरचाच. एक शब्द न बोलता धाकधूक सुरू होते. तेवढा भाग तीनदा बघ, तिसऱ्यांदा आवाज बंद करून.

मग 'द ट्वायलाइट झोन', दर एपिसोडला वेगळी, विचित्र गोष्ट. १९५९ ते ६४, १५६ एपिसोड, त्यातले ९२ एकट्या रॉड सर्लिंगने लिहिले, हा आकडा मला अजून झेपत नाही. बरेचसे अर्ध्या तासाच्या स्लॉटमधले, म्हणजे जाहिराती वगळून पंचवीस मिनिटांत माणूस उभा करायचा, त्याची गोची करायची आणि संपवायचं. चौथा सीझन एक तासाचा केला होता, तो मला तरी पातळ वाटतो. एक आधीचा आणि एक चौथ्यातला असे पाठोपाठ बघ, कथा कुठे ताणलीये ते आपोआप कळेल. लांबी म्हणजे खोली नव्हे वगैरे क्लासमध्ये सांगतात, इथे ते डोळ्यांना दिसतं.

'आय लव्ह लूसी' ही सिटकॉम, म्हणजे विनोदी सीरीज, मला हसवत नाही, खरं सांगतो, आरडाओरडा फार. पण ती बघायचीच. १९५१ मध्ये न्यूयॉर्कहून लाइव्ह करा असा आग्रह होता, त्यात काम करणारे नवरा-बायको ल्यूसिल बॉल आणि डेसी अर्नाझ यांना हॉलीवूड सोडायचं नव्हतं, म्हणून समोर प्रेक्षक बसवून तीन कॅमेऱ्यांनी ३५ एमएम फिल्मवर शूट केलं, आणि खर्च वाढला म्हणून स्वतःचे पैसे कमी घेऊन फिल्मची मालकी आपल्याकडे ठेवली. त्या काळच्या लाइव्ह शोच्या रेकॉर्डिंग म्हणजे टीव्हीच्या स्क्रीनवरूनच काढलेली फिल्म, धूसर, आणि ही बघ, अजून लख्ख. रीरन विकता आले ते त्यामुळेच. कॅमेरामन कोण माहितीये? 'मेट्रोपोलिस' हा गाजलेला जर्मन मूकपट शूट करणारा कार्ल फ्रॉइंड! सिटकॉमचं लायटिंग करायला!

सिनेमे घेशील तेव्हा क्रायटेरियन या डीव्हीडी काढणाऱ्या कंपनीचा सेट दिसला तर आधी तो उचल, बऱ्याच डिस्कवर कॉमेंटरी असते, म्हणजे सिनेमा चालू असताना त्यावर दिग्दर्शक किंवा जाणकार बोलत असतात. पण कॉमेंटरी दुसऱ्या वेळी, पहिल्यांदा गुपचूप सिनेमा बघायचा.

बारीकसारीक गोष्टी. हवा तो सेट तुमच्या ब्रँचला नसेल तर ऑनलाइन होल्ड टाक, दुसऱ्या ब्रँचमधून येतो, थोडी वाट बघायची. डिस्क अडकली तर मऊ कापडाने मधून बाहेर सरळ पुसायची, गोल गोल नाही. आणि जुन्या डीव्हीडींवर कधी कधी सबटायटल नसतात, नुसते क्लोज्ड कॅप्शन असतात, ते एचडीएमआयमधून येत नाहीत, त्यासाठी पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरी लागतात. आमच्या प्लेअरबरोबर त्या आहेत. माझे दोन वीकेंड गेले होते हे कळायला.

'कोलंबो'चा पहिला सीझन सध्या माझ्याकडेच आहे, उद्या परत करतोय, तेव्हा आज रात्रीच होल्ड टाकून ठेव. दुसऱ्या डिस्कवर ओरखडा आहे, मध्येच थांबते, मी काउंटरवर सांगतो.

काका