खाली 'तुका म्हणे' आहे, म्हणजे ते तुकोबांचंच का?

प्रिय सई,

आजीने पाठवलेल्या चार ओळींखाली 'तुका म्हणे' आहे, म्हणजे त्या तुकाराम महाराजांच्याच ना, असं तू विचारलंस. तेवढ्यावरून ठरत नाही.

'तुका म्हणे' ही नाममुद्रा, कवितेतच ओवलेली सही. एकनाथांची 'एका जनार्दनी', जनाबाईंची 'नामयाची जनी'. अभंग तोंडोतोंडी फिरत, तेव्हा नाव गळून पडू नये म्हणून ही मोठी सोय होती. पण ती सही कोणालाही करता येते. तुकोबांचे भाऊ कान्होबा आपल्या अभंगात 'तुकयाबंधु म्हणे' असं चोख लिहीत. प्रत्येक जण तितका प्रामाणिक नसतो.

नावांची अदलाबदलही होते. 'तुका झालासे कळस' हा अभंग सतराव्या शतकातल्या, तुकोबांना गुरू मानणाऱ्या संत बहिणाबाईंचा. तो कधी तुकोबांच्या नावावर फिरतो, तर कधी खानदेशच्या बहिणाबाई चौधरींच्या (१८८०–१९५१). दोघींत अडीचशे वर्षांचं अंतर आहे!

हा त्रास फोनमुळे सुरू झाला असं समजू नकोस. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत नकला करता करता पाठ बिघडले होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध केली आणि बजावलं: यात जो स्वतःची ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नरोटी म्हणजे करवंटी. याहून नेमकं कोणी सांगितलेलं मला माहीत नाही.

आता आजीच्या ओळी तपासू. आधी अक्षरं मोज. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरं असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं: सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनियां. जोडाक्षर एकच धरायचं. लहान अभंगाची मोजणी वेगळी असते, आणि माप जुळलं म्हणून रचना खरी ठरत नाही; पण चारही ओळी वाटेल तशा लांब-आखूड असतील तर शंका घ्यायलाच हवी.

मग शोध. पूर्ण ओळ टाकलीस तर बहुधा हाती काही लागणार नाही, कारण जुन्या छपाईत 'नाहीं', 'आतां' अशी टिंबं असतात आणि फॉरवर्डमध्ये ती गळतात. म्हणून टिंब नसलेले, कमी वापरातले दोन-तीन शब्द घे. फक्त सुविचारांची चित्रंच सापडली तर तो पुरावा नव्हे. ती एकमेकांवरूनच उतरवलेली असतात. गाथेतला, म्हणजे तुकोबांच्या अभंगांच्या संग्रहातला, अभंग क्रमांक हवा.

पु. ल. देशपांडे आणि व. पु. काळे यांच्या नावावरच्या मजकुराला आणखी सोपी कसोटी लागते. पुलं २००० साली गेले, वपु २००१ साली. व्हॉट्सॲप आलं २००९ मध्ये. मजकुरात व्हॉट्सॲपचं 'स्टेटस' किंवा 'ग्रुप' आला की प्रश्न मिटला. बरेचदा असं लेखन एखाद्या कमी परिचित लेखकाचं असतं. कोणीतरी त्याचं नाव छाटतं, पुढचा मोठं नाव चिकटवतो, आणि ज्याने ते लिहिलं त्याला कोणी ओळखतही नाही. मला याचंच सर्वांत वाईट वाटतं.

इथे तुझ्या वाट्याला पुस्तकातल्यापेक्षा फोनवरचीच मराठी जास्त येते, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं. गाथा वरच्या खणात आहे. शेवटी पहिल्या चरणांची सूची असते, ती अ-आ-इ अशा क्रमाने लावलेली असते. सापडलं तर आजीला अभंग क्रमांक कळव. नाही सापडलं तर ग्रुपवर लिहू नकोस, फोन करून विचार, "आजी, हे तुला कुठून आलं गं?"

तुझी,
आई