बारावीचं टॅन इन्व्हर्स कोडमध्ये खरंच कुठे लागतं का?

तुमचा प्रश्न असा: बारावीला साइन इन्व्हर्स, टॅन इन्व्हर्स घोकून पाठ केलं, आता कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आल्यावर ते कुठे वापरतात, की ते परीक्षेपुरतंच होतं?

वापरतात, आणि चांगलं वापरतात. मी पुण्यात गाड्यांच्या ट्रॅकिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. नकाशावर गाडीचं छोटं चित्र वळताना दिसतं ना, त्याचं तोंड कुठे करायचं हे टॅन इन्व्हर्सच ठरवतं. कोन हातात असेल आणि अंतरं हवी असतील तर साइन-कॉस. अंतरं हातात असतील आणि कोन हवा असेल तर इन्व्हर्स. कॉम्प्युटरकडे बहुतेकदा पिक्सेल, अक्षांश-रेखांश किंवा सेन्सरचे आकडेच येतात, कोन कोणी आयता आणून देत नाही.

मात्र बारावीचं टॅन इन्व्हर्स आहे तसं कोडमध्ये टाकू नका. का ते एका उदाहरणाने सांगतो. शनिवारवाडा साधारण १८.५२० उत्तर, ७३.८५५ पूर्व असा आहे आणि सिंहगड १८.३६६ उत्तर, ७३.७५५ पूर्व. वाड्यावरून गड कोणत्या दिशेला? अक्षांशातला फरक −०.१५४. रेखांशातला −०.१००, पण आपल्याकडे रेखांशाचा अंश अक्षांशाच्या अंशापेक्षा थोडा आखूड भरतो, म्हणून त्याला १८.४ अंशांच्या कोसाइनने गुणायचं: −०.०९५. आता पहिल्याला दुसऱ्याने भागा, १.६२ येतं. टॅन इन्व्हर्स घ्या, ५८ अंश. पूर्वेकडून उत्तरेकडे ५८ अंश म्हणजे ईशान्य! या उत्तरावर विसंबून निघालात तर गड राहिला बाजूला, लोहगाव आणि आळंदीच्या मधे कुठेतरी पोचाल.

गणित चुकलेलं नाही. उणेला उणेने भागलं की अधिक येतं, आणि भागाकार झाला त्याच क्षणी दोन्ही आकड्यांची चिन्हं हरवतात. नैऋत्य आणि ईशान्य यांतला फरक त्या चिन्हांतच होता. त्यासाठीच फोर्ट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेच्या जमान्यापासून एटॅन२ (atan2) नावाचं दोन आकडे घेणारं फंक्शन आहे. भागाकार आपण करायचाच नाही, वाय (इथे अक्षांशातला फरक) आणि एक्स (रेखांशातला) वेगवेगळे द्यायचे. ते चिन्हं बघून −१८० ते १८० मधला खरा कोन देतं: इथे साधारण −१२२. होकायंत्रासारखं उत्तरेपासून मोजायचं असेल तर ९० मधून वजा करा, २१२ अंश, म्हणजे नैऋत्य. सिंहगड तिकडेच आहे. शिवाय एक्स शून्य असला तरी शून्याने भागायची भानगड उरत नाही.

आता काही खाचा. फंक्शन रेडियनमध्ये उत्तर देतं, अंश हवे तर १८० ने गुणून पायने भागायचं. सी, जावा, पायथन, जावास्क्रिप्ट या सगळ्यांत वाय आधी आणि एक्स नंतर; एक्सेलमध्ये मात्र नेमकं उलट, एक्स आधी. (हे कोणी ठरवलं त्याला एकदा भेटायचंय.) स्क्रीनवर वाय खाली वाढतो, त्यामुळे गेम लिहीत असाल तर कोन उलट्या बाजूने फिरतो. आणि उणे कोन ० ते ३६० मध्ये आणायला भागाकाराचा शेष काढणारं % हे चिन्ह वापराल तर पायथनमध्ये चालेल, सी आणि जावास्क्रिप्टमध्ये उत्तर उणेच राहील. तिथे ३६० मिळवून पुन्हा शेष काढा.

आमच्या कामात जास्त छळणारी गोष्ट म्हणजे दिशांची सरासरी. गाडी चाकणकडे, जवळपास सरळ उत्तरेला चालली आहे. जीपीएस एकदा ३५९ अंश सांगतं, एकदा १ अंश. साधी सरासरी १८०, म्हणजे चित्र पुण्याकडे तोंड करून उलटं धावतं. उपाय असा की सगळ्या कोनांच्या साइनची बेरीज आणि कोसाइनची बेरीज वेगवेगळी करायची आणि त्या दोन बेरजा एटॅन२ला द्यायच्या. शून्य येतं.

कॉस इन्व्हर्सपासून मी शक्यतो लांब राहतो. दोन व्हेक्टरमधला कोन काढताना तो पाठ्यपुस्तकात छान दिसतो, पण व्हेक्टर एकाच दिशेचे असले की फ्लोटिंग पॉइंटच्या, म्हणजे कॉम्प्युटर दशांश आकडे थोडे गोल करून ठेवतो त्याच्या, कृपेने कधीकधी आत १.०००००००००००००००२ असा आकडा जातो. १ च्या वर कॉस इन्व्हर्स नसतोच, म्हणून जावास्क्रिप्ट गुपचूप ‘नॅन’ (NaN, म्हणजे ‘हा आकडाच नाही’) देतं आणि तो पुढच्या प्रत्येक हिशेबात पसरतो. पायथन निदान तिथल्या तिथे एरर फेकतं. अचूकतेचंही तेच. पृथ्वीवरच्या दोन ठिकाणांतलं अंतर कॉस इन्व्हर्सने काढलं आणि आकडे ३२ बिटांचे असले, तर १ च्या लगेच खालच्या आकड्याचाही कॉस इन्व्हर्स इतका मोठा येतो की जवळच्या ठिकाणांसाठी उत्तर एकतर शून्य, नाहीतर एकदम २.२ किलोमीटर. शनिवारवाडा ते मंडई अंतर शून्य! ६४ बिटांत हीच पायरी दहाएक सेंटिमीटरवर येते, पण जवळच्या अंतरांसाठी हॅव्हरसाइनचं सूत्र (गोलावरचं अंतर काढायचं दुसरं सूत्र) वापरलेलं बरं. त्यात साइन इन्व्हर्स लागतो आणि छोट्या आकड्यांना तो नीट वागतो.

कॉस इन्व्हर्स हमखास भेटतो अशी जागा म्हणजे रोबोचा हात. तुमच्या कॉलेजात रोबोकॉनची (रोबो बनवायच्या स्पर्धेची) टीम असेल तर तिथे जाऊन बघा. दोन सांध्यांच्या हाताचं टोक अमुक बिंदूवर न्यायचं तर कोपराचा कोन कोसाइनच्या नियमाने, म्हणजे कॉस इन्व्हर्सने सुटतो. ‘नॅन’ टाळायला आतला आकडा −१ ते १ मध्ये कोंबायचा सल्ला सगळीकडे मिळेल. व्हेक्टरच्या बाबतीत तो ठीक आहे. इथे मात्र आकडा १.३ आला तर ती राउंडिंगची चूक नसते, तो बिंदू हाताच्या आवाक्याबाहेर असतो. कोंबलात तर हात पूर्ण ताणून भलत्याच जागी थांबेल आणि प्रोग्राम काही तक्रार करणार नाही. म्हणून आधी बिंदूपर्यंतचं अंतर दोन्ही भागांच्या लांबीच्या बेरजेपेक्षा जास्त नाही ना, आणि वजाबाकीपेक्षा कमी नाही ना, ते तपासा, मगच कोंबा.