पावसाळ्यात गॅरेज कोरडं ठेवायला कोणता हीटर घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोंड्याजवळ घराला लागून चिऱ्यांचं गॅरेज, १८ बाय १० फूट, उंची १० फूट, वर स्लॅब, पुढे रोलिंग शटर. आत टेबल सॉ, ड्रिल मशीन, पटाशा, रंधे, थोडं सागाचं आणि फणसाचं लाकूड, शिवाय एक स्कूटर. जून ते सप्टेंबर बिडाच्या टेबलावर गंज चढतो, लाकडाला बुरशी धरते, म्हणून २००० वॅटचा इलेक्ट्रिक हीटर घ्यायचा विचार आहे आणि ऑइल फिन, ब्लोअर की रॉड हे ठरत नाही.

आधी उत्तर देतो, कारणं मागून. सगळ्या गॅरेजसाठी तिन्हींपैकी एकही घेऊ नका. हत्यारांच्या बंद कपाटात ४० ते १२० वॅटचा छोटा हीटर लावा, खोलीसाठी कॉम्प्रेसरचा डीह्युमिडिफायर (हवेतलं पाणी काढणारं यंत्र) घ्या, आणि या दोन्हींच्या आधी शटरच्या फटी बुजवा.

गोव्यात हीटरकडून थंडी घालवायची अपेक्षा नसते. इथे शत्रू आहे हवेतलं पाणी, आणि हीटर पाणी काढत नाही. जुलैत साधारण २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता धरा. त्या एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी असतं आणि तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन बसायला लागतं तो आकडा, २५ अंशांच्या किंचित वर येतो. हीच हवा ३१ अंशांवर नेली तर आर्द्रता ७० टक्क्यांवर येते, ३४ वर नेली तर ६० वर. आकडा उतरला, पण पाणी जिथल्या तिथे आहे. हीटर बंद केला की आकडा पुन्हा चढतो.

६० टक्के का, तर उघड्या पोलादाला गंज लागण्याचा वेग त्याच्या वर झपाट्याने वाढतो. लाकडाचंही तसंच: ९० टक्क्यांत दीर्घकाळ राहिलेलं लाकूड साधारण २० टक्के ओलावा धरतं, ६० टक्क्यांत ११ च्या आसपास. जुलैत फुगलेल्या फळीचा सांधा घट्ट बसवलात तर तो मार्चमध्ये उघडणारच.

आता खर्च. तुमचं गॅरेज म्हणजे सुमारे ५१ घनमीटर हवा. इन्सुलेशन नसलेल्या भिंती, वरचा स्लॅब आणि फटींतून तासाला दोनदा बदलणारी हवा धरून आतलं तापमान बाहेरपेक्षा ७ अंश जास्त ठेवायचं तर ढोबळ हिशेबाने सतत एक ते सव्वा किलोवॅट लागतात. म्हणजे दिवसाला २४ ते ३० युनिट, महिन्याला ७५० ते ९००. घरगुती बिलात वरच्या टप्प्याचा दर महाग असतो, त्यामुळे प्रत्यक्ष फटका त्याहून मोठा बसेल. आणि एवढं करून तुम्ही ३४ अंशांच्या खोलीत रंधा मारत उभे.

त्यातही सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे हीटर फक्त संध्याकाळी दोन-तीन तास लावणे. ओला चिरा, ओलं लाकूड आणि जमीन तापली की त्यांच्यातलं पाणी हवेत येतं, दवबिंदू वर सरकतो. रात्री हीटर बंद केलात की हवा निवते आणि ते पाणी सर्वांत गार पृष्ठभागावर, म्हणजे बिडाच्या टेबलावर, उतरतं. ‘हीटर लावला तरी गंज वाढला’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

शटर उघडून ‘हवा खेळू देणं’ही पावसाळ्यात उलटच पडतं. रात्रभरात टेबल सॉचं बीड २४ अंशांवर आलेलं असतं. सकाळी नऊला उघडीप झाली, शटर वर केलं, बाहेरची २५-२६ दवबिंदूची हवा आत शिरली की टेबलावर पांढुरकी धुरकट साय येते. बोट फिरवलं की रेघ उमटते, इतकं पाणी असतं. पुसलं नाही तर संध्याकाळपर्यंत त्या जागी केशरी ठिपके दिसतात, आणि बोट जिथे टेकलं तिथे घामातल्या मिठामुळे ते आधी दिसतात. त्या सकाळी शटर बंद ठेवणं आणि टेबल कोरड्या फडक्याने पुसून त्यावर पेस्ट वॅक्स घासणं हेच बरोबर. मशीनवर प्लास्टिकचा कागद टाकू नका, त्याखाली पाणी अडकतं. जाड सुती कापड चालेल.

गॅसची शेगडी किंवा कोळशाची सिगडी हा विचार तर मनातही आणू नका. एक किलो एलपीजी जळताना दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात हवेत सोडतो. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच.

फटी बुजवण्याचं काम कंटाळवाणं आहे, पण अर्धी लढाई तिथेच आहे. गणित बघा. बाहेरच्या एक घनमीटर हवेतून ६० टक्क्यांपर्यंत यायला साधारण ७ ग्रॅम पाणी काढावं लागतं. गॅरेजची हवा तासाला दोनदा बदलत असेल तर दिवसाला सुमारे १७ लिटर होतात. हवा दोन तासांतून एकदाच बदलली तर फक्त ४ लिटर. पहिल्या स्थितीत मोठं मशीन चोवीस तास धावूनही पुरं पडणार नाही, दुसऱ्यात मधलं मशीन आरामात करेल.

शटरच्या तळाला रबराची पट्टी लावा, दोन्ही बाजूंच्या गाइडमध्ये नायलॉन ब्रशची पट्टी बसवा. सर्वांत मोठी फट मात्र डोक्यावर असते: शटर गुंडाळतं त्या रोलच्या वर, स्लॅबखाली दोन-तीन इंचांची मोकळी जागा, जिकडे कुणाचं लक्ष जात नाही. तिथे प्लायची पेटी करून कडेला फोमची पट्टी द्या. व्हेंटिलेटरच्या जाळीला चार महिन्यांपुरतं ॲक्रिलिक किंवा प्लाय मारा. एकदा असं बंद केलं की आत स्कूटर सुरू करायची नाही, ती ढकलत बाहेर काढून मगच स्टार्टर मारायचा. भिजलेली स्कूटर आणि रेनकोट बाहेर निथळू द्या, नाहीतर बाहेर काढलेलं पाणी तुम्हीच परत आत आणाल.

छप्पर मंगळुरी कौलांचं असेल तर मात्र खोली बंद करण्याच्या नादाला लागू नका. कौलांतून हवा येणारच. अशा ठिकाणी खोली सोडून द्या आणि सगळा भर कपाटावर ठेवा.

डीह्युमिडिफायर घेताना कॉम्प्रेसरचाच घ्या. डेसिकंट (ओलावा शोषणाऱ्या पदार्थावर चालणारा) प्रकार थंड हवामानात उपयोगी पडतो, इथे तो जास्त वीज खातो. ऑनलाइन मिळणारी पेल्टियरची (कॉम्प्रेसरशिवाय, विजेने गार होणाऱ्या चकतीची) छोटी यंत्रं दिवसाला पाव ते अर्धा लिटर पाणी काढतात, खोलीसाठी ती निरुपयोगी. तुमच्या जागेला दिवसाला २० ते २५ लिटर क्षमतेचं मशीन पुरेल. ही क्षमता बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेवर मोजलेली असते, त्यामुळे ६० टक्क्यांजवळ आल्यावर ते याहून बरंच कमी पाणी काढेल हे गृहीत धरा. अशी यंत्रं साधारण ३०० ते ४५० वॅट घेतात. दिवसातून दहा तास कॉम्प्रेसर चालला तर ४ युनिटच्या आसपास. हीटरच्या ३० शी तुलना करा.

दुकानात एक गोष्ट तपासाच: मशीन सुरू असताना बोर्डावरचं बटण बंद करून पुन्हा चालू करा. ते आपोआप, त्याच सेटिंगवर सुरू झालं पाहिजे. जूनच्या पहिल्या वाऱ्यापावसात वीज दिवसातून किती वेळा जाते हे तुम्हाला सांगायला नको. आपोआप सुरू न होणारं मशीन शनिवारी बंद पडलं तर सोमवारपर्यंत बंदच राहील. टाकीवर विसंबू नका, मागच्या ड्रेनला पाइप लावून उताराने बाहेर काढा, पाइपला मध्ये कुठेही झोळ नको. सेटिंग ६० टक्के. ५० वर ठेवलं तर वीज दामदुप्पट आणि फायदा जेमतेम. भिंतीपासून फूटभर लांब ठेवा. भुशाने फिल्टर बुजतो, आठवड्याला तो धुवा, आणि सँडिंग करताना मशीन बंद ठेवा.

कपाटाचा हीटर हा मात्र हीटरचा योग्य उपयोग, कारण जागा छोटी आणि बंद असते, आणि हीटर चोवीस तास चालतो. यासाठी इलेक्ट्रिकल पॅनलमध्ये बसवतात तो स्पेस हीटर मागा. स्विचगिअर विकणाऱ्या दुकानात ४०, ६०, ८०, १०० वॅटमध्ये मिळतो, सोबत छोटा पॅनल थर्मोस्टॅटही मिळतो. पॅनलमध्ये दव धरू नये म्हणूनच तो बनवलेला आहे, त्यामुळे वर्षानुवर्षं चालू राहणं हेच त्याचं काम. १८ मिमी प्लायच्या २ बाय २ बाय दीड फूट कपाटात ४० वॅट सुमारे ७ अंशांचा फरक देतात. ६ बाय ३ बाय दीड फुटाच्या कपाटाला १२० वॅट लागतील, ६०-६० चे दोन लावा. लोखंडी कपाटातून उष्णता लवकर निसटते, आतून प्लायचं अस्तर द्या. छोट्या कपाटाचा खर्च दिवसाला एक युनिट, मोठ्याचा तीनच्या आत. थर्मोस्टॅट ४० अंशांवर तोडणारा ठेवा.

हीटर तळाशी, मागे पत्र्याचा तुकडा, लाकडापासून सगळीकडून किमान ३ इंच अंतर, फळ्यांना भोकं पाडलेली म्हणजे गरम हवा वर जाईल. जुना पिवळा ४० वॅटचा बल्बही तेच काम करतो, पण तो फुटतो आणि गेलेला लक्षात येत नाही. एलईडीचा उपयोग नाही. या कपाटात थिनर, स्प्रेचे डबे किंवा जवसाच्या तेलाची फडकी कधीही ठेवू नका, ती फडकी तर आपोआप पेट घेतात.

कपाटात काहीजण कॅल्शियम क्लोराइडचे डबे ठेवतात. त्यात जमणारं पाणी म्हणजे क्षारयुक्त द्रावण असतं, ते सांडलं तर पटाशी एका रात्रीत खराब होते. हत्यारांजवळ सिलिका जेलच बरं: भिजलं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतं.

तरीही कुणाला छोट्या, घट्ट बंद होणाऱ्या खोलीत मोठा हीटर लावायचाच असेल तर ऑइल फिन. ब्लोअर भुसा ओढून तापलेल्या कॉइलवर टाकतो, आणि रॉड हवेऐवजी समोरच्या वस्तू तापवतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साठते, म्हणून स्कूटर असलेल्या गॅरेजमध्ये खाली ठेवलेला उघडा लाल रॉड म्हणजे आगीला आमंत्रण. २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर. त्याला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट, ४ चौरस मिमी तांब्याची स्वतंत्र वायर, १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की तुटणारा स्विच), ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की तोडणारा) आणि नीट अर्थिंग हवं. एक्स्टेन्शन बोर्ड चालणार नाही. आर्द्रतेवर चालणारा कंट्रोलर जोडणार असाल तर त्याचा १० अँपिअरचा रिले थेट वापरू नका, त्याचे कॉन्टॅक्ट चिकटून हीटर बंदच होत नाही. मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त करंट झेलणारा मोठा रिले, घाला.

चवथीच्या आधी पॉलिशची कामं येतात तेव्हा लॅकरवर पांढरी झाक येते, म्हणूनही लोक हीटर मागतात. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं, म्हणून ती झाक. उपाय रिटार्डर (हळू उडणारा) थिनर, आणि पाऊस जोरात असेल त्या दिवशी काम पुढे ढकलणं. फवारणी करताना हीटर आणि डीह्युमिडिफायर दोन्हींचे प्लग काढलेले हवेत.

किनाऱ्यालगत, मिरामार किंवा कोलव्याकडे, ६० टक्क्यांचा हिशेबही अपुरा पडतो. साधं मीठ ७५ टक्के आर्द्रतेला पाणी ओढतं, पण समुद्री मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. तिथे हत्यारं आधी गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसायची, कोरडी करायची, मग तेल. डीह्युमिडिफायरची ॲल्युमिनियमची कॉइलही पावसाळा संपल्यावर हलक्या हाताने स्वच्छ करा.

सगळ्यात आधी एक डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा मीटर) घ्या आणि तो खरं बोलतो का ते बघा: झाकणात चमचाभर मीठ, थेंब-थेंब पाणी घालून ओलसर लगदा, मीटरसोबत झिपच्या पिशवीत १२ तास. आकडा ७५ यायला हवा. ७९ आला तर पुढे प्रत्येक वाचनातून ४ वजा करा.

मशीन लावल्यावर पहिला आठवडा-दीड आठवडा पाणी भरपूर निघेल, भिंती आणि लाकूड सुकत असतात. त्यानंतरही रोज ८-१० लिटर येत असेल तर दोन फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा जमिनीला चारही बाजूंनी टेपने चिकटवा, दुसरा भिंतीला तळाशी, आणि २४ तासांनी उचला. खालच्या बाजूला थेंब असतील तर पाणी जमिनीतून किंवा चिऱ्यातून येतंय. मग इलाज बाहेरून: पन्हळ, जोत्यालगत पाण्याला वाट आणि बाहेरचा गिलावा, तोही दिवाळीनंतर भिंत सुकल्यावर. ओल्या भिंतीला आतून वॉटरप्रूफ रंग मारलात तर पुढच्या पावसात त्याचे पापुद्रे निघतील. दोन्ही तुकडे खालून कोरडे निघाले तर फट राहिलीय, आणि ती बहुतेक शटरच्या रोलवरच असेल.