गृहकर्ज: जादा पैसे भरले, पण मुदत घटली का?

हिशेब ताडून पाहता यावा म्हणून सगळ्या उत्तरांत एकच कर्ज धरले आहे. मुद्दल 50 लाख, व्याज 8.5 टक्के, मुदत 20 वर्षे, हप्ता 43,391.

प्रश्न: वर्षभर हप्ते भरून झाले. आता 5 लाख हाताशी आहेत. बँक विचारते, हप्ता कमी करायचा की मुदत?

मुदत. हप्ता तोच ठेवलात तर कर्ज चार वर्षे आधी फिटते आणि व्याजाचे साधारण 16 लाख वाचतात. मुदत तीच ठेवून हप्ता उतरवलात तर तो 38,964 वर येतो, पण व्याजातली बचत जेमतेम 5 लाख.

तरीही हप्ता उतरवणारा प्रत्येक जण चुकतो असे नाही. मिळकत वरखाली होत असेल, तर हप्ता कमी करून घ्यावा आणि सुटलेले 4,427 दर महिन्याला आपणहून भरत राहावे. नेमाने भरले तर कर्ज तितकेच लवकर फिटते. एखाद्या महिन्यात नाही जमले, तर हप्ता थकल्याचा शिक्का बसत नाही. मात्र असे वरचे पैसे शुल्काविना थेट मुद्दलात घेतले जातात ना, हे आधी विचारून घ्या. आणि स्वतःला ओळखा: सुटलेले पैसे खर्चात विरघळणार असतील तर सरळ मुदत कमी करा.

प्रश्न: 15 वर्षे झाली. बँकेने व्याज आधीच वसूल केले म्हणतात. आता भरून काही उपयोग?

हा गैरसमज फार पसरलेला आहे. व्याज शिल्लक मुद्दलावरच लागते. पहिल्या हप्त्यात 35,417 व्याजाचे आणि फक्त 7,974 मुद्दलाचे असतात, कारण तेव्हा पूर्ण 50 लाख बाकी असतात. पंधराव्या वर्षाअखेर बाकी सुमारे 21 लाखांवर आलेली असते. तेव्हा 5 लाख भरले तर मुदत सव्वा वर्षाहून थोडी अधिक घटते आणि सव्वादोन लाखांच्या आसपास व्याज वाचते. दर तोच आहे, फक्त व्याज वाचवायला महिने कमी उरलेत.

प्रश्न: कित्येक महिने हप्त्याबरोबर 5,000 जास्त भरतो आहे. उताऱ्यावर मुदत होती तेवढीच दिसते. पैसे गेले कुठे?

बहुधा ते पुढच्या हप्त्याची आगाऊ रक्कम म्हणून जमा होत असतील. तसे असेल तर मुद्दल कमी होत नाही आणि व्याजही. उतारा काढा आणि जादा रक्कम जमा झाली त्या तारखेची ओळ बघा. त्या ओळीत मुद्दलाची बाकी 5,000 ने उतरलेली दिसली पाहिजे. नसेल, तर ‘ही रक्कम मुद्दलात जमा करून मुदत कमी करावी’ असे लेखी द्या आणि परतफेडीचे नवे वेळापत्रक मागून घ्या. तोंडी सांगितलेले काउंटरवरच राहते. हा खटाटोप करण्याजोगा आहे: पहिल्या महिन्यापासून दरमहा 5,000 खरोखर मुद्दलात गेले, तर 20 वर्षांचे कर्ज सुमारे साडेपंधरा वर्षांत संपते आणि जवळजवळ 14 लाख व्याज वाचते.

प्रश्न: सगळी शिल्लक एकदम कर्जात घालू का?

नको. भरलेले पैसे अडीअडचणीला सहसा परत मिळत नाहीत. निदान सहा महिन्यांचा घरखर्च आणि तेवढे हप्ते बाजूला ठेवा. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती, तिचा दर गृहकर्जापेक्षा कितीतरी चढा असतो.

प्रश्न: त्यापेक्षा गुंतवणूक बरी नाही का?

कर जाऊन खात्रीने 8.5 टक्क्यांहून जास्त मिळत असेल तर जरूर. ‘खात्रीने’ वर जोर आहे.

प्रश्न: माझा दर स्थिर आहे. मुदतपूर्व भरण्यावर शुल्क लागेल?

लागू शकते. करारातले ते कलम काढून वाचा. काही करारांत वर्षाला ठरावीक मर्यादेपर्यंत शुल्क नसते, तिथे मोठी रक्कम दोन वर्षांत विभागून भरता येते. शुल्क आणि वाचणारे व्याज शेजारी-शेजारी मांडूनच ठरवा.

प्रश्न: गेल्या वर्षी मोठी रक्कम भरली, तरी मुदत वाढलेली दिसते. असे कसे?

तुमचा दर बदलता असणार. दर वाढला की बऱ्याचदा हप्ता तोच ठेवून मुदत ताणली जाते, आणि तुम्ही जादा भरून घटवलेली मुदत त्यात गडप होते. दर बदलल्याचे पत्र आले की हप्ता वाढवून मुदत पूर्वीइतकी ठेवता येईल का, हे लगेच विचारा. मात्र वाढीव हप्ता झेपेल ना, ते आधी बघा.